कोल्हा कुणी वाचायचा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'तंत्रज्ञान आणि आजचं शिक्षण'. साहजिकच आहे. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? त्यात आपल्या बॅचने प्राथमिक विभागाला काय भेट द्यायची याची चर्चा ग्रुपवर दोन महिने चालू आहे आणि स्मार्ट पॅनेलचं कोटेशनही येऊन पडलं आहे. म्हणजे मी उभी राहीन आणि पॅनेलची थोरवी सांगेन, असा सरळ हिशोब होता. मी कळवलं की मला लहान मुलांच्या चित्रपुस्तकांवर बोलायचं आहे. त्यावर ग्रुपवर सात-आठ हसरे चेहरे आले आणि एकाने विचारलं, "ससा-कासव का?" त्याला आज उत्तर देते. ससा-कासव नाही, कोंबडी आणि कोल्हा.

माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आता ती चौदाची आहे आणि हा किस्सा सांगायला तिची परवानगी घेतलेली आहे. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, मला दहाला परदेशातल्या लोकांबरोबर मीटिंग. झोपताना पुस्तक वाचायचं हा आमचा नेम होता, म्हणून मी सगळ्यात कमी शब्दांचं पुस्तक उचललं. पॅट हचिन्स या बाईंचं 'रोझीज वॉक', १९६८ सालचं. अख्ख्या पुस्तकात इंग्रजी शब्द ३२, आणि तेही मिळून एकच वाक्य. रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारायला निघते, शेतावरच्या पाच-सहा ठिकाणांवरून जाते आणि वेळेत घरी परत येते. संपलं. मी एका मिनिटात वाचून पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "चला, झोपा."

ती म्हणाली, "आणि तो?"

"तो कोण?"

"मागचा. तू त्याला वाचलंसच नाहीस."

मी पुस्तक परत उघडलं. जवळजवळ प्रत्येक पानावर कोंबडीच्या मागे एक कोल्हा आहे. ती अंगणातून चालली आहे, हा मागून झेप घेतो आणि दाताळ्यावर पाय पडून दांडा नाकावर बसतो. ती तळ्याच्या कडेने जाते, हा तळ्यात. पुढे गवताच्या गंजीत बुडतो, मग पिठाची गोणी अंगावर रिकामी होते, आणि शेवटी गाड्यासकट मधमाश्यांच्या पेट्यांवर जाऊन आदळतो. कोंबडी एकदाही मागे वळून बघत नाही. आणि त्या ३२ शब्दांत कोल्हा हा शब्द एकदाही नाही.

म्हणजे मी, इंजिनिअरिंगची पदवीधर, पुस्तक वाचलं असं समजत होते, आणि जिला एक अक्षर येत नव्हतं तिने ते खरोखर वाचलेलं होतं. मी फक्त त्यातली अक्षरं वाचली होती. त्या रात्री मीटिंगला मी दहा मिनिटं उशिरा गेले.

नंतर मी ते पुस्तक एखाद्याचा कोड तपासावा तसं पान पान तपासलं. रचना अशी आहे: एका जोडपानावर शब्द असतात, कोंबडी कुठून चालली आहे एवढंच सांगणारे, आणि चित्रात कोल्हा उडी मारण्याच्या बेतात. पान उलटलं की शब्द गायब. नुसतं चित्र, कोल्ह्याची फजिती. म्हणजे धोका आहे तिथे शब्द दुसरंच काहीतरी बोलत असतात, आणि फजिती होते तिथे शब्द गप्पच बसतात. मुलाला पान उलटायच्या आधीच कळलेलं असतं की आता काय होणार, कारण ते दाताळं चित्रात आधीपासून पडलेलं आहे. त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, कोंबडीपेक्षाही जास्त, आणि पुस्तकातल्या सांगणाऱ्यापेक्षाही. चार वर्षांच्या माणसाला असं वाटायची संधी दिवसभरात किती वेळा मिळते? आता, कोंबडीला खरंच माहीत नसतं का, यावर आमच्या घरात अजून मतभेद आहेत. मुलीचं म्हणणं, तिला सगळं माहीत असतं, ती मुद्दाम त्याला त्या वाटेने नेते. चित्रातल्या कोंबडीचा डोळा बघून मला काही ठरवता येत नाही.

आता आपलं बालपण आठवा. पहिलीच्या पुस्तकात कमळाचं चित्र आणि खाली 'कमळ'. चित्र आणि शब्द दोघांनी एकच गोष्ट सांगायची. अक्षरओळखीला ते हवंच, आणि ती युक्तीही फार जुनी आहे. कोमेनियस नावाच्या शिक्षकाने १६५८ साली मुलांसाठी असं सचित्र पाठ्यपुस्तक काढलं होतं. नंतर आपण 'किशोर' वाचला, 'चांदोबा' वाचला. चांदोबातली चित्रं मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ती चित्रं काढून घेतली असती तरी गोष्ट कळलीच असती. रुखरुख लागली असती, पण अडलं काही नसतं. ती सचित्र गोष्ट झाली. चित्रपुस्तक वेगळं. ओळखायची माझी पद्धत सोपी आहे: आधी हाताने चित्रं झाकायची आणि वाचायचं, मग शब्द झाकायचे आणि बघायचं. दोन्ही वेळा काहीतरी हरवलं, तर ते चित्रपुस्तक.

चित्र दाखवून गोष्ट सांगणं आपल्याला नवीन नाही. तीनेक वर्षांपूर्वी आम्ही कुडाळजवळ पिंगुळीला गेलो होतो. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. ही कला टिकवण्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची एक पोथी. पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे, सुट्ट्या चित्रांचा गठ्ठा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा वीणा, हुडुक, टाळ यांच्या साथीने गात गात एकेक चित्र पुढे धरतो. चित्रात पात्रं बहुतेक एका बाजूने दिसणारी, डोळे टपोरे, बाण अर्ध्यावर हवेत थांबलेला. तो बाण कुणाचा, का सुटला, लागला की चुकला, हे चित्र सांगत नाही. ते गाणारा सांगतो. आणि बाण लागायच्या आधी तो चित्र बदलायला किती वेळ लावतो, त्यावर समोरचा माणूस पुढे सरकून बसतो.

तिथे चित्र थांबलेलं असतं आणि आवाज पुढे जातो. रोझीच्या पुस्तकात उलट आहे, आवाज काहीच झालं नाही असं भासवतो आणि चित्र पळत असतं. पण दोन्हीकडे कामाची वाटणी आहे. एकाने करायचं ते दुसऱ्याने करायचं नाही.

माझ्या आईने ते पुस्तक नातीला वाचून दाखवलं तेव्हा काय झालं, सांगते. पहिल्याच पानावर, "अगंबाई, बघ बघ, कोल्हा आला! आता खातोय की काय हिला!" नात वैतागली. "आजी, तू सांगू नकोस ना." आईला राग आला, आणि तिचंही बरोबर होतं. ती गोष्ट सांगत होती, आणि तिच्यासारखी गोष्ट आमच्या घरात कुणाला सांगता येत नाही. फक्त हे पुस्तक सांगण्याचं नव्हतं, गप्प राहण्याचं होतं. मुलांना शिकवणाऱ्या सगळ्यांना, आईबापांना तर फारच, ही सवय असते. चित्रावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "हे काय आहे? रंग कोणता? किती आहेत?" मीही केलंय. पुस्तकाची तोंडी परीक्षा होऊन जाते.

दुसरं पुस्तक मॉरिस सेंडाकचं, 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर', १९६३ सालचं. मॅक्स नावाचा मुलगा लांडग्याचा पोशाख घालून घरात धुमाकूळ घालतो, आई त्याला न जेवता खोलीत पाठवते, आणि त्या खोलीत जंगल उगवतं. तो होडीतून अक्राळविक्राळ प्राण्यांच्या देशात जातो, त्यांचा राजा होतो आणि मग घरची आठवण येऊन परत फिरतो. हे झालं शब्दांत. आता चित्रांचा आकार बघा. सुरुवातीला चित्र छोटं, भोवती पांढऱ्या कागदाची रुंद चौकट. मॅक्सचा राग वाढतो तसं चित्र वाढत जातं, चौकट खात जातं, एक पान भरतं, मग समोरच्या पानावर सांडतं. मधोमध तीन जोडपानं अशी आहेत की त्यांत एकही शब्द नाही, नुसता धिंगाणा. शब्दांना तिथे उभं राहायला जागाच उरलेली नाही. मग राग उतरतो तशी चित्रं पुन्हा लहान होत जातात. आणि शेवटच्या पानावर चित्र नाही. नुसते थोडे शब्द: खोलीत ठेवलेलं जेवण अजून गरम आहे एवढंच सांगणारे. आईचं प्रेम दाखवायला आईचं चित्र नाही. आई त्या पुस्तकात एकदाही दिसत नाही.

मला हे पहिल्या वाचनात दिसलं नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळी दिसलं. खिडकीतला चंद्र तर त्याहून उशिरा. मॅक्स खोलीत शिरतो तेव्हा खिडकीत चंद्राची कोर आहे, परत येतो तेव्हा पूर्ण चंद्र. म्हणजे मध्ये बरेच दिवस गेले. पण जेवण तर गरम आहे! चित्र एक सांगतं, शब्द दुसरं. माझ्या धंद्यात एकाच गोष्टीच्या दोन नोंदी जुळल्या नाहीत की रात्री दोनला फोन येतो. इथे दोन नोंदी जुळत नाहीत आणि पुस्तक साठ वर्षांवर चाललं आहे. मुलांना त्यात काही अडचणही वाटत नाही. रागावून बसलेल्या मुलाला पंधरा मिनिटं किती मोठी वाटतात, हे त्यांना माहीत असतं.

एक गोष्ट छपाईची. यातली बहुतेक पुस्तकं ३२ पानांची का असतात, असा प्रश्न मला पडला होता. आपल्या बॅचमध्ये ज्याचा छापखाना आहे त्याने एका वाक्यात सांगितलं: मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की १६ पानांचा एक फॉर्म, दोन फॉर्म म्हणजे ३२. म्हणजे लेखक-चित्रकाराच्या हातात पान उलटायच्या पंधरा-सोळाच जागा असतात. प्रत्येक जागी काय लपवायचं आणि पलीकडे काय उघडायचं, हे ठरवावं लागतं.

हे मला नीट कळलं ते मराठी करायला बसले तेव्हा. लॉकडाउनमध्ये मी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर भाषांतरं करायला लागले. ते २०१५ साली सुरू झालं, तिथली पुस्तकं मुक्त परवान्याची आहेत, आपण कुणीही त्यांचं भाषांतर करू शकतो. त्याच सुमाराला घरातल्या घरात, मुलीसाठी, रोझीचंही मराठी करून पाहिलं. ३२ शब्द, काय कठीण आहे? बरेच दिवस गेले. इंग्रजी वाक्यात क्रियापद सुरुवातीलाच येऊन बसतं, मग एकेका पानावर एकेक ठिकाण निवांत टाकत जाता येतं. आपलं क्रियापद शेवटी. माझ्या पहिल्या मसुद्यात कोंबडी पाच-सहा पानं नुसतीच 'अमक्याजवळून', 'तमक्याखालून' अशी लटकत होती आणि ती 'गेली' शेवटच्या पानावर. दुसऱ्या मसुद्यात प्रत्येक पानावर 'गेली' लावलं, तर सगळं पाढ्यासारखं झालं. शेवटी भाजी निवडताना सुचलं. आपण बोलताना म्हणतोच की, "निघाली आमची स्वारी. आधी वाण्याकडे. मग गिरणीत. मग देवळात." क्रियापद आधी टाकून मोकळं व्हायचं. मराठीला ते येतं, मीच व्याकरणाच्या पेपरात अडकले होते.

अडचणी आणखीही असतात. चित्रकाराने आकाशात शब्दांसाठी ठेवलेली मोकळी जागा इंग्रजी ओळींच्या मापाची असते. आपल्याला वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. ओळींत अंतर जास्त लागतं. मग मजकूर खाली सरकतो आणि नेमका एखाद्या प्राण्याच्या शेपटीवर बसतो. सगळ्यात मोठा मोह मात्र वेगळाच. शब्द कमी वाटतात म्हणून आपण हळूच भर घालतो. 'बिचारी', 'घाबरून', 'आनंदाने'. चेहरा चित्रात घाबरलेला दिसतोय, तरी आपण 'घाबरून' लिहितो. माझ्या सुरुवातीच्या भाषांतरांत असली भर पानोपानी आहे. ती आता वाचवत नाहीत.

मराठीत हे काम मुळातून करणाऱ्या माधुरी पुरंदरे आहेत. त्या स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'यश'च्या पुस्तकांत, 'राधाचं घर'मध्ये आपली घरं आहेत, आपल्या घरातली माणसं बसतात तशी बसलेली. 'चित्रवाचन' या पुस्तकात तर त्यांनी गोष्ट लिहिलेलीच नाही. चित्रं बघायची आणि मुलांनी बोलायचं. असं पुस्तक विकत घेताना पालक विचारतात, "यात वाचायला काय आहे?" पुस्तकांच्या दुकानात मी हा प्रश्न माझ्या कानांनी ऐकला आहे. त्या गृहस्थांनी मग '१०१ बोधकथा' घेतलं. जाडजूड होतं.

आता आपल्या शाळेविषयी, कारण खरं बोलायचं ते हे आहे. मुख्याध्यापिका बाईंच्या परवानगीने मी गेल्या महिन्यात दोन दिवस पहिलीच्या वर्गावर बसले. आपल्या वेळी वर्गात सगळ्यांच्या घरी मराठी होतं. आज तसं नाही. आजूबाजूला बांधकामं चालू आहेत आणि त्या साइटवरच्या कुटुंबांची मुलं आपल्याच शाळेत येतात. वर्गाच्या बाई म्हणाल्या, यातली दोन-तीन मुलं जूनपासून वर्गात बोललेली नाहीत. मी रोझी घेऊन गेले होते. वाचलं काहीच नाही, नुसती पानं उलटली. तळ्याचं पान आलं, कोल्ह्याने झेप घेतली, आणि शेवटच्या ओळीतला एक मुलगा उभा राहून ओरडला, "गिरेगा!" मी पान उलटलं. कोल्हा पाण्यात. सगळा वर्ग त्याच्याकडे बघायला लागला. पुढच्या पानापासून मुलं आधी त्याच्याकडे बघायची, मग पुस्तकाकडे.

एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गप्पच होता, आणि पुस्तकाने जादू केली असं मी म्हणणार नाही. पण त्या तासाला, त्या वर्गात, मराठी येणं न येणं हा प्रश्न नव्हता, आणि तो बाकीच्यांच्या एक पान पुढे होता.

म्हणून माझं म्हणणं मांडते. पॅनेलला माझा विरोध नाही. पन्नास मुलांना एकदम चित्र मोठं दिसतं, हा त्याचा मोठा गुण आहे, आणि स्टोरीवीव्हरची पुस्तकं त्यावर फुकट दाखवता येतील. पण जोडपानावर पसरलेलं चित्र आपल्या मोबाईलवर बघा, मधोमध कापलेलं असतं, अर्धं आत्ता, अर्धं नंतर. आणि पॅनेलवर पान उलटणार बाई. कधी उलटायचं, कुठे थांबायचं, मागे जाऊन दाताळं आधीपासून तिथे होतं का ते तपासायचं की नाही, हे मुलाच्या हातात राहत नाही. माझ्या मुलीला कोल्हा सापडला कारण मी मिटलेलं पुस्तक तिने उघडायला लावलं.

कोटेशनवरच्या रकमेत लहान आकाराचं पॅनेल घेतलं तर उरलेल्या पैशांत काही शे चित्रपुस्तकं येतील, मी प्रकाशकांच्या यादीवरून बेरीज केली आहे. दोन अटी मात्र आहेत. पुस्तकं कुलपाच्या कपाटात जायची नाहीत. फाटली तर फाटू देत, आपण पुढच्या वर्षी पुन्हा देऊ. आणि महिन्यातून एका शनिवारी आपल्यापैकी दोघांनी येऊन वर्गात बसायचं, शिकवायला नाही, पानं उलटायला. हस्तकलेच्या तासालाही काही करता येईल. लिओ लिओनी या चित्रकाराने आगगाडीत नातवंडांना गप्प बसवायला मासिकाचे कागद फाडून एक गोष्ट रचली, निळा ठिपका आणि पिवळा ठिपका अशा दोन मित्रांची. १९५९ साली त्याचं पुस्तक झालं. चित्रकला यायची गरज नाही, घोटीव कागद पुरे. तो शाळेच्या समोरच्या दुकानात अजून मिळतो, सकाळीच विचारून आले.

मी वीस पुस्तकं आणली आहेत, हॉलच्या मागच्या टेबलावर आहेत. तुमच्याबरोबर आलेली मुलं तिथे केव्हाच पोचली आहेत, इथून दिसतंय मला. जेवणानंतर निधीवर चर्चा आहे, त्याच्या आधी प्रत्येकाने एक पुस्तक बघून यावं. चष्मा असू द्या. आणि शेजारी एखादं मूल बसलं असेल तर त्याला काही सांगू नका, त्यालाच विचारा, आपल्या नजरेतून काय सुटलं ते.